‘महल’मधला लांबून येणारा आवाज

गेली तीस वर्षं माझा धंदा मांडवाला आणि सभेला स्पीकर पुरवण्याचा. गावात मला ‘साउंडवाले’ म्हणूनच ओळखतात. या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. कीर्तनात बुवा रंगात आले की माईकपासून दोन पावलं मागे सरकतात. आपण मशिनवर बसून बटण फिरवतो आणि आवाज वाढवतो. आवाज वाढतो खरा, पण बुवा काही जवळ येत नाहीत. उलट देवळाचा घुमारा वाढतो, आणि हात जरा जास्त फिरला तर कर्णा शिट्टी मारतो. म्हणजे आवाज मोठा होणं आणि आवाज जवळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, बुवांनी शिकवलं.

‘महल’ या १९४९ सालच्या चित्रपटाकडे मी वळलो तो या वाटेनं. त्यातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याची हकिकत आता सगळ्यांना पाठ आहे. आवाज लांबून येतोय असा भास हवा होता, तशी यंत्रं तेव्हा नव्हती, म्हणून माईक खोलीच्या मध्यभागी ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात हळूहळू माईकपाशी आल्या. स्वतः लताबाईंनी ही आठवण मुलाखतींतून सांगितली आहे. लेखांमधून ती येते ती मात्र कष्टाची कथा म्हणून. बिचारी विशीतली मुलगी, बिचारं साधनहीन युग, आणि तरीही बघा काय गाणं झालं! मला यातला ‘बिचारं’ खटकतो. आवाज नुसता लहानाचा मोठाच करायचा होता तर बटण तेव्हाही होतं. मग चालायचं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता ते एक दृश्य मी किती वेळा पाहिलं याचा हिशेब ठेवलेला नाही. आधी ते दृश्य सांगतो, कारण गाणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. चित्रपट पाहिलेले त्या मानानं कमी.

अलाहाबादजवळ यमुनेच्या काठी एक ओसाड महाल आहे. नवा मालक हरिशंकर (अशोककुमार) वादळी रात्री तिथे येतो. म्हातारा माळी त्याला महालाची कथा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एकानं हा महाल आपल्या प्रेयसीसाठी, कामिनीसाठी बांधला. तो रोज मध्यरात्री यायचा आणि पहाटेआधी निघून जायचा. एका रात्री त्याची नाव बुडाली, आणि बुडताना ‘मी परत येईन’ असं सांगून तो गेला. काही दिवसांनी कामिनीही नदीत बुडाली. माळी निघून जातो. हरिशंकर खोलीत एकटा. भिंतीवरची तसबीर खाली पडते. तो ती उचलून पाहतो, तर त्या पहिल्या मालकाचा चेहरा हुबेहूब त्याचाच. मग घड्याळात दोनचे ठोके पडतात, आणि कुठून तरी बाईचा आवाज येऊ लागतो.

इथपर्यंत भूतकथेचं नेहमीचं सामान आहे. वादळ, माळी, तसबीर, घड्याळ. नेहमीचं नाही ते यापुढचं. तो आवाज सुरू होतो तेव्हा पडद्यावर गाणारं कोणी नसतं. कॅमेरा ऐकणाऱ्यावर असतो. हरिशंकर उठतो, कानोसा घेतो, दालनांमधून, खांबांमधून चालू लागतो, आणि कॅमेरा त्याच्याबरोबर चालतो. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त काहीच दाखवलं जात नाही. हे महत्त्वाचं. रहस्यपटात प्रेक्षकाला बांधून ठेवायच्या दोन रीती आहेत. एक, पात्राला ठाऊक नसलेलं काही प्रेक्षकाला आधी सांगून ठेवायचं. दुसरी, प्रेक्षकाला पात्राच्या कानात नेऊन बसवायचं. ‘महल’चं हे दृश्य दुसऱ्या रीतीचं आहे. हरिशंकरला आवाज कुठून येतो हे कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळता कामा नये. पण तो जवळ येतोय हे मात्र दोघांनाही कळलं पाहिजे. दिशा नाही, फक्त अंतर. आणि नेमकं अंतरच बटणानं दाखवता येत नाही.

त्याचं कारण असं. बंद खोलीत कोणी गातं तेव्हा माईकपाशी दोन आवाज पोचतात. एक गळ्यातून थेट आलेला, दुसरा भिंतींवर, छतावर आपटून आलेला. गाणारा माईकपासून दुप्पट अंतरावर गेला की थेट आवाजाचा जोर चौथाई होतो. भिंतींवरून येणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तो सगळ्या खोलीत पसरलेला असतो. आपला कान या दोहोंचं प्रमाण पाहून अंतर ठरवतो, नुसता जोर पाहून नाही. गायिकेला माईकसमोर उभं करून बटणानं आवाज बारीक केला, तर दोन्ही आवाज सारखेच बारीक होतात आणि प्रमाण बदलत नाही. मग ऐकू येतो तो जवळचाच पण दबलेला आवाज. लांबचा नाही.

कागदावर हे पटत होतं, पण धंदेवाईक माणसाला करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, मंगल कार्यालयं रिकामी असतात. अशाच एका कार्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये एका संध्याकाळी माझ्या भाचीला घेऊन गेलो. ती गाणं शिकते. मधोमध एक माईक लावला. एकदा तिला माईकजवळ उभी करून मी बटण सावकाश वाढवलं. एकदा बटणाला हात न लावता तिला लांबच्या कोपऱ्यातून गात यायला सांगितलं. पहिल्या खेपेला ती भरभर आली आणि चपलांचा आवाज गाण्यापेक्षा मोठा आला. ‘मामा, अनवाणी चालते,’ म्हणाली. मग जमलं. घरी दिवे घालवून दोन्ही मुद्रणं बहिणीला ऐकवली. पहिलं ऐकून ती म्हणाली, ‘रेडिओ का बारीक केलायस?’ दुसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. तिनं दाराकडे पाहिलं.

आमच्याकडचं यंत्र आजचं आहे. १९४९ साली काम जास्त अवघड होतं. तेव्हा आवाज टेपवर नव्हे, फिल्मवर प्रकाशाच्या रेघेनं नोंदवला जाई. चुंबकीय टेप आपल्या स्टुडिओंत आली ती पन्नासच्या दशकात. फिल्मवरच्या आवाजाला स्वतःची एक खरखर असते, आणि फार हळू आवाज त्या खरखरीत बुडून जातो. म्हणजे गायिकेला कोपऱ्यात उभं करणं ही जोखीम होती. फार लांब गेली तर शब्द हरवणार, पुरेशी लांब गेली नाही तर भास हरवणार. ‘महल’ ज्या बॉम्बे टॉकीजचा, त्या संस्थेची सूत्रं तेव्हा अशोककुमार आणि सावक वाचा यांच्याकडे होती, आणि वाचा हे मूळचे ध्वनिमुद्रक. घरातच आवाजाचा जाणकार होता, हे या गाण्याबद्दल बोलताना विसरलं जातं.

संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी आणखी एक सोय करून ठेवली होती. गाण्याच्या सुरुवातीच्या ओळींना ताल नाही. त्या मोकळ्या, सावकाश गायल्या आहेत आणि मागे वाद्यं अगदी मोजकी. ठेका असता तर तालवाद्यं जागच्या जागी आणि गायिका तेवढी लांब, अशी विसंगती कानाला लगेच जाणवली असती; शिवाय चालता चालता लय सांभाळावी लागली असती. मोकळ्या ओळींत पावलं हवी तशी टाकता येतात. मुखडा सुरू होतो तेव्हा गायिका माईकपाशी पोचलेली असते, आणि तिथून ताल सुरू होतो. तो ‘आयेगा’ कानावर येतो तेव्हा अंगावर काटा येतो, त्यात शब्दाचा वाटा कमी आणि अंतर संपल्याचा जास्त, असं माझं मत आहे. गाणं नुसतं ऐकणाऱ्याला तो गोडवा वाटतो. पडद्यावरच्या अंधारात तेच ऐकलं, तर कोणीतरी खोलीत आल्यासारखं वाटतं.

आता अंधाराबद्दल. ‘महल’चे छायाचित्रकार योझेफ विर्शिंग. जन्म १९०३चा, म्युनिकचा. म्युनिकच्या एमेल्का या चित्रसंस्थेच्या चमूबरोबर दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन यांच्यासोबत ते १९२५ साली हिंदुस्थानात आले, ते हिमांशू राय यांच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या बुद्धचरित्रपटासाठी. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच एमेल्काच्या स्टुडिओत एक तरुण इंग्रज दिग्दर्शक आपला पहिला पूर्ण चित्रपट करायला आला होता. त्याचं नाव आल्फ्रेड हिचकॉक, चित्रपट ‘द प्लेझर गार्डन’. एकाच कारखान्यातून एक वाट लंडनला आणि पुढे हॉलिवूडला गेली, दुसरी मालाडला आली.

विर्शिंग जर्मन होते, म्हणून ‘महल’मधल्या सावल्या म्हणजे जर्मन ‘एक्स्प्रेशनिझम’, असं सरसकट लिहिलं जातं. मला हे समीकरण आळशी वाटतं. ज्या चित्रपटांमुळे ते नाव गाजलं, त्यांतले बहुतेक बर्लिनच्या स्टुडिओंत झाले. एमेल्का म्युनिकची, आणि विर्शिंग तिथून निघाले तेव्हा बावीस वर्षांचेही नव्हते. १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिल्यावर ते मालाडला रुजू झाले. तिथे त्यांनी टिपलेला १९३६चा ‘अछूत कन्या’ पाहा. त्यात मऊ, पसरलेला उजेड आहे. देविकाराणींच्या चेहऱ्यावर सावलीचा डाग पडू नये याची काळजी आहे. हाच माणूस, हेच जर्मन शिक्षण, पण अंधार नाही. तेव्हा अंधार रक्तातून आला असं म्हणता येत नाही. तो कथेनं मागितला आणि विर्शिंगनी दिला. त्याचा सराव मालाडलाच झाला होता. बॉम्बे टॉकीजचा पहिलाच चित्रपट, १९३५चा ‘जवानी की हवा’, हा आगगाडीत घडणारा खुनाचा रहस्यपट होता आणि कॅमेरा विर्शिंगचाच होता.

मधली वर्षं मात्र त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. १९३९ साली युद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून सरकारनं ऑस्टन आणि विर्शिंग दोघांनाही अटकेत घातलं. ऑस्टन १९४०मध्ये जर्मनीला परतले. विर्शिंग इथेच राहिले, युद्धाची वर्षं नजरकैदेत काढली आणि सुटल्यावर पुन्हा मालाडच्याच स्टुडिओत आले. तोवर हिमांशू राय वारले होते, देविकाराणी स्टुडिओ सोडून गेल्या होत्या आणि संस्थेला उतरती कळा लागली होती. ‘महल’ हा अशा घरातला चित्रपट आहे. ओसाड महाल, जुना मालक, परत येणारा माणूस. यातून फार अर्थ काढू नये हे मला कळतं, पण मनात आल्याशिवाय राहत नाही.

दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिला चित्रपट. विर्शिंगनी त्यांना जो अंधार दिला तो काळा रंग नव्हे. कृष्णधवल फिल्मवर काहीच उजेड नसेल तर पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो, आणि ठोकळ्याची भीती वाटत नाही. भीती वाटायला अंधारात काहीतरी असू शकेल अशी जागा दिसावी लागते. म्हणून खांबाची एक कड उजळायची, कमानीचा वरचा भाग उजळायचा, आणि मधलं सगळं काळं ठेवायचं. अशोककुमारांच्या चेहऱ्यावर उजेड एका बाजूनं येतो, दुसरी बाजू काळोखात जाते. दृश्यात कंदील किंवा मेणबत्ती दिसते. तिच्या जोरावर फिल्म उजळत नसते, खरा दिवा चौकटीबाहेर लपवलेला असतो. पण प्रेक्षकाचा विश्वास त्या मेणबत्तीवर बसतो. आणि मेणबत्तीचा उजेड थोड्या अंतरावर संपतो, हे सगळ्यांना घरच्या अनुभवानं ठाऊक असतं. वीज गेलेल्या घरात वाढलेल्या माझ्या पिढीला तर फारच.

आता आवाज आणि उजेड शेजारी ठेवून पाहा. आवाजाला अंतर आहे, पण दिशा नाही. उजेडात कडा आहेत, पण मधलं काही दिसत नाही. दोन्हींकडून अर्धीच माहिती मिळते, आणि या दोन अर्ध्यांची बेरीज काही केल्या पूर्ण होत नाही. हरिशंकर चालतो तो ती पूर्ण करायला. पुढे झोक्यावर बसलेली कामिनी दिसते, सोळा वर्षांची मधुबाला, आणि तो जवळ जाईपर्यंत ती नाहीशी होते. नंतर त्याचा वकील मित्रही तिला पाहतो. दोघं तिच्यामागे गच्चीवर जातात आणि ती खाली पाण्यात उडी घेते. दोघांनी पाहिलं म्हणजे भास नाही. मग काय? या प्रश्नावर पुढचा चित्रपट चालतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांची क्षमा मागून सांगतो: कामिनी भूत नाही. ती माळ्याची मुलगी आशा.

म्हणजे या रहस्याचा गाभा असा: आवाज एकीकडे, देह दुसरीकडे, आणि दोघांची गाठ चुकीच्या ठिकाणी बांधली गेलेली. हरिशंकर जिवंत मुलीचा आवाज ऐकतो आणि तो मेलेल्या बाईच्या नावावर टाकतो.

नेमकं हेच चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीतही घडत होतं. पार्श्वगायन तोवर नवं राहिलं नव्हतं. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छांव’मध्ये १९३५ साली ते रूढ केलं. पण गाणारे नट-नट्या १९४९ सालीही लोकांच्या डोळ्यांपुढे होत्या. सैगल १९४७च्या जानेवारीत गेले, नूरजहाँ त्याच वर्षी पाकिस्तानात गेल्या, सुरैया तर गात होत्याच. पडद्यावर जी ओठ हलवते तीच गाते, असं मानायची सवय सुटलेली नव्हती. तबकड्या काढणारेही ती सवय मोडत नसत. लेबलवर अनेकदा गायिकेचं नाव नसे, चित्रपटातल्या पात्राचं असे. ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’.

एका जुन्या बाजारात गंजलेल्या पंख्यांच्या ढिगाखाली मला ही तबकडी मिळाली, कड तुटलेली. वाजण्यासारखी नाही. पण लेबल शाबूत आहे. चित्रपटात जी बाई कधीच गात नाही, कारण ती कथेच्या आधीच मेलेली आहे, तिचं नाव त्या लेबलवर आहे. जी पडद्यावर गाते ती आशा. जी खरोखर गायली ती मास्टर दीनानाथांची मुलगी, वडील गेल्यावर तेराव्या वर्षापासून घर चालवणारी. तिघींपैकी नाव मिळालं ते भुताला. गाणं रेडिओवर वाजू लागल्यावर ऐकणाऱ्यांनी पत्रं पाठवून विचारलं की ही कामिनी कोण, आणि मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगितलं गेलं, अशी हकिकत सांगतात. पुढे लेबलवर आणि श्रेयनामावलीत गायिकेचं नाव यावं म्हणून लताबाईंनी किती आग्रह धरला हे सर्वश्रुत आहे. त्या आग्रहाचं मूळ स्वाभिमानात आहे असं सगळे म्हणतात. असेल. पण आपला आवाज दुसऱ्याच्या, तेही अस्तित्वात नसलेल्या बाईच्या नावानं घरोघर वाजतोय, हा अनुभव काय असेल याचा विचार मी ते लेबल हातात घेतल्यावर प्रथम केला.

खेमचंद प्रकाश यांना या यशाची गोडी फार काळ चाखता आली नाही. ऑगस्ट १९५०मध्ये ते वारले.

‘महल’ची रीत मात्र हिंदी रहस्यपटाला कायमची चिकटली. रात्र, धुकं, बाईचा आवाज, शोधत जाणारा पुरुष. ‘महल’चे संकलक बिमल रॉय होते, आणि त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या १९५८च्या ‘मधुमती’त पुन्हा लताबाईंचा आवाज नायकाला रानातून बोलावतो. १९६२ साली ‘बीस साल बाद’ आला, १९६४ साली ‘वह कौन थी’. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला आणि दोन वर्षांनी राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ केला. म्हणजे ही वाट मराठीतून परत हिंदीतही गेली. यांतल्या बऱ्याच चित्रपटांत आवाज पहिल्या सुरापासून माईकजवळचा, स्वच्छ, नीट मुद्रित केलेला आहे. चित्रात धुकं आणि कानात स्टुडिओ. गाणी अप्रतिम, पण मान मागे वळवून पाहावंसं वाटत नाही.

‘वह कौन थी’ची एक हकिकत इथे सांगायलाच हवी. सिमल्याला ‘नैना बरसे’चं चित्रीकरण ठरलं, आणि लताबाई आजारी असल्यानं मुद्रण झालेलं नव्हतं. तारखा टळण्यासारख्या नव्हत्या. संगीतकार मदनमोहन यांनी ते गाणं स्वतःच्या आवाजात मुद्रित करून पाठवलं. सिमल्यात बघ्यांची गर्दी जमली. समोर पांढऱ्या साडीतली साधना ओठ हलवते आहे आणि कर्ण्यातून पुरुषाचा आवाज येतो आहे! लोक हसले, बुचकळ्यात पडले. त्या दिवशी कर्णा लावणारा जो कोणी माझा धंदाबंधू असेल, त्याला किती जणांनी ‘तबकडी चुकली का हो?’ म्हणून विचारलं असेल, ते मी सांगू शकतो.

विर्शिंग पुढे कमाल अमरोहींबरोबरच राहिले. ‘दिल अपना और प्रीत पराई’ त्यांनीच टिपला, आणि मग ‘पाकीज़ा’ हाती घेतला. तो अर्धा असताना १९६७ साली मुंबईत त्यांचं निधन झालं. काही वर्षांपूर्वी पणजीच्या सेरेन्डिपिटी कला महोत्सवात त्यांच्या कुटुंबानं जपलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं: मालाडचा स्टुडिओ, दिवे लावणारी माणसं, दोन चित्रणांमध्ये नुसतेच बसलेले नट. ‘पाकीज़ा’ १९७२च्या फेब्रुवारीत लागला तेव्हा विर्शिंग जाऊन पाच वर्षं होत आली होती. श्रेयनामावलीत छायाचित्रणाखाली त्यांचं नाव होतं.